पिठाचा कोंबडा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोकणातल्या घरी अजूनही कारीट फोडतात. अभ्यंगस्नान झाले, की अंगाला उटण्याचा वास आणि केसांतून निथळणारे पाणी अशा थाटात तुळशीवृंदावनापुढे उभे राहायचे, 'गोविंदा, गोविंदा' असे ओरडायचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने ते हिरवे, कडूजहर फळ चिरडायचे. फळ फुटते, बिया उडतात. त्यातली एखादी जिभेला लावायची आणि वाकडे तोंड घेऊन पोह्यांच्या पानावर जाऊन बसायचे. झाला नरकासुराचा वध! गोव्यात तर नरकासुराचे मोठमोठे पुतळे रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात; आमचा वध त्या मानाने अगदी घरगुती. हा वध मी जवळजवळ सत्तर वर्षे दरसाल करीत आलो आहे आणि त्याची मला कधी खंत वाटलेली नाही. वाटायचे कारणही नव्हते. कारीट हे फळ. त्याला वेदना नाहीत. नरकासुर पुराणातला. जे चालले आहे तो खेळ आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही कळते.

गेल्या वर्षी मात्र त्याच दिवशी दुपारी आमच्या अंगणात एक दुसरा खेळ झाला आणि तेव्हापासून माझ्या मनाची ही निश्चिंती थोडी हलली आहे.

माझा नातू नववीत आहे आणि नात दुसरीत. दोघे पुण्याहून दिवाळीला आली ती बुटांची एक जुनी पेटी सांभाळत. त्या पेटीला खाली दोन चाके होती आणि प्रत्येक चाकाला एक लहानशी पिवळी मोटर. आत तारांचे जंजाळ आणि एक निळी पट्टी. तिला आर्दुइनो म्हणतात. इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून ती तयार झाली आणि आता जगभरची पोरे तिच्याशी खेळतात. पेटीच्या तोंडाशी सुनेचा टाकून दिलेला, काच तडकलेला स्मार्टफोन बसवला होता. फोनच्या पडद्यावर दोन डोळे. डोळे इकडे तिकडे बघत, मधूनच मिचकावत. हे सारे करणारे ॲप नातवाने स्वतः तयार केले होते. 'ॲप इन्व्हेंटर' म्हणून एक साधन आहे; गूगलने ते २०१० साली लोकांपुढे आणले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीने ते चालवायला घेतले. त्यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत जायचे, की ॲप उभे राहते. नातीने त्याचे नाव ठेवले ठकोजी. आमच्या घरात पूर्वी एक लाकडी ठकी होती, तिची गोष्ट तिने तिच्या आजीकडून ऐकली होती.

'हा करतो काय रे?' मी विचारले.

'काही नाही,' नातू म्हणाला. 'फिरतो.'

हे उत्तर मला फार आवडले. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगात पसरला, आणि ज्या चेक शब्दावरून तो बनवला त्याचा अर्थ आहे वेठ. यंत्रमानव म्हणजे वेठबिगार, हे त्याच्या नावातच आहे. आमचा ठकोजी मात्र वेठीतून सुटलेला होता. त्याला झाडायचे नव्हते, ओझे वाहायचे नव्हते, कारखान्यात पत्रा जोडायचा नव्हता. तो केवळ खेळासाठी जन्माला आला होता. असली यंत्रे आपल्याला नवी नाहीत. काश्मीरच्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीसाठी यांत्रिक बाहुल्यांची करंडी घेऊन येते. कळ दाबली की कोणी उडून फुलांची माळ आणते, कोणी पाणी आणते, कोणी नाचते. आणि पुण्याच्या 'आयुका'त अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करायला मुलांना शिकवले, ते तर परवापरवाचे. बुटांची पेटी आणि फुटका फोन ह्यांचे गोत्र तेच.

ठकोजीला आणखी एक कला अवगत होती. फोनच्या पोटात सिलिकनचे एक अतिसूक्ष्म वजन तोललेले असते. फोन कलला किंवा हादरला की ते तितकेच सूक्ष्म सरकते आणि आपण उभे आहोत की आडवे हे फोनला समजते. फोन आडवा धरला की चित्रही आडवे होते, ते ह्याच युक्तीने. नातवाने तिचा उपयोग असा केला होता, की ठकोजी पडला म्हणजे डोळे घट्ट मिटून घ्यायचा आणि नातीच्या आवाजात म्हणायचा, 'आई गं!'

दुपारी अंगणात ठकोजी फिरू लागला तशी शेजारची तीनचार मोठी मुले जमली. आधी कौतुक झाले. मग वृंदावनाच्या कट्ट्याला अडून ठकोजी आपणच पडला आणि म्हणाला, 'आई गं!' सगळे हसले. नातीने त्याला उभे केले. मग एका मुलाने त्याला पायाने हलकेच कलंडले. 'आई गं!' पुन्हा हशा. दुसऱ्याने जरा जोराने ढकलले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती सरळ लाथ झाली, आणि आता ती मुले ठकोजीकडे बघतसुद्धा नव्हती; 'आई गं' कधी येते याची वाट बघत एकमेकांकडे पाहत होती. ओटीवर बसलेले आम्ही म्हातारेही हसत होतो. मी हसत होतो हे मला इथे सांगितलेच पाहिजे.

नात रडत माझ्याजवळ आली. मी तिला जवळ घेऊन, कोणीही शहाणा माणूस म्हणेल तेच म्हटले: 'अगं, यंत्र आहे ते. त्याला कुठं लागतंय?'

ती रडायची थांबली. 'ते मला ठाऊक आहे, आजोबा,' ती म्हणाली. 'पण तो आई गं म्हणाला म्हणूनच हसले ना सगळे?'

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गेले वर्षभर मी ते शोधतो आहे.

अशाच खेळांच्या दोन गोष्टी सांगतो. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये केसी किंझर ह्या विद्यार्थिनीने पुठ्ठ्याचे छोटे हसरे रोबो केले. त्यांना एकच गोष्ट येत होती, सरळ पुढे चालणे. प्रत्येकाच्या अंगावर एक झेंडा, आणि झेंड्यावर त्याला कुठे जायचे आहे ते लिहिलेले व वाटसरूंना मदतीची विनंती. वॉशिंग्टन स्क्वेअर बागेच्या एका कोपऱ्यात तिने एक रोबो सोडला आणि लांबून पाहत राहिली. तो अडकला, की कोणीतरी वाकून त्याला मोकळा करी. भलतीकडे चालला, की कोणीतरी त्याचे तोंड फिरवी. एका गृहस्थाने त्याला वळवून, तिकडे रस्ता आहे, तिकडे जाऊ नकोस, असे चक्क बोलून सांगितले. ४२ मिनिटांत, २९ अनोळखी माणसांच्या हातून, तो बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचला. घाईगर्दीसाठी जगात बदनाम झालेल्या शहरात!

दुसरी गोष्ट कॅनडातली. फ्राउके त्सेलर आणि डेव्हिड हॅरिस स्मिथ ह्या दोन प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१४ साली 'हिचबॉट' नावाचा रोबो केला. धड म्हणजे एक प्लॅस्टिकची बादली, हातपाय पोहायला शिकणारी मुले धरतात त्या फोमच्या नळ्यांचे, पायांत रबरी बूट, चेहऱ्याला दिवे. आत संगणक, आपण कुठे आहोत हे सांगणारे यंत्र आणि थोडेफार संभाषण करण्याची सोय. त्याला चालता येत नव्हते. त्याने रस्त्याच्या कडेला बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला गाडीत घ्यायचे आणि थोडे पुढे नेऊन सोडायचे, असा हा खेळ. यंत्रांवर माणसांनी विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. ह्या दोघांनी तो उलटा विचारला, यंत्राने माणसांवर विश्वास ठेवावा काय? पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सपासून पश्चिमेच्या व्हिक्टोरियापर्यंत हजारो किलोमीटरचा प्रवास त्याने एका महिन्याच्या आत केला. वाटेत तो एका लग्नालाही गेला. पुढल्या वर्षी जर्मनी पाहून झाल्यावर तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. दोन आठवडे झाले असतील-नसतील. १ ऑगस्ट २०१५ रोजी फिलाडेल्फियात त्याचे हात उपटलेले, मुंडके नाहीसे झालेले धड सापडले. कोणी केले ते कळले नाही. पुष्कळांना त्याचे मनापासून वाईट वाटले. एका बादलीचे!

आता यावर समंजस माणूस काय म्हणेल, ते मला माहीत आहे, कारण मीच ते नातीला म्हटले होते. यंत्राला दुखत नाही. फार तर दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस झाली. तिची किंमत भरून द्यावी, विषय संपला. पण विषय संपत नाही. हिचबॉटची बादली काय किमतीची असणार? ठकोजीला तर खरचटण्यापलीकडे काही झालेही नव्हते. तरीही काहीतरी वाईट घडले, असे माझ्या नातीला वाटले आणि, दोन मिनिटे उशिरा का होईना, मलाही वाटले.

ही बायकापोरांची हळवी समजूत म्हणून सोडून द्यावी, तर तसेही दिसत नाही. २०१३ साली जिनिव्हा येथे केट डार्लिंग ह्या विदुषीने मोठ्या माणसांचे काही गट केले आणि प्रत्येक गटाला डायनोसॉरच्या रूपातला एकेक खेळण्यातला रोबो दिला. कुरवाळले तर तो खूश होई, उलटा धरला तर कण्हू लागे. त्यांनी त्यांना नावे दिली, तासभर खेळवले. मग त्यांना हातोडे-कुऱ्हाडी देऊन सांगण्यात आले, आता ह्यांना मारा. कोणी तयार होईना. दुसऱ्याच्या खेळण्याला मारून आपले वाचवा म्हटले, तरी होईना. शेवटी, एकालाही मारले नाही तर सगळेच फोडू, अशी धमकी दिली तेव्हा एकजण पुढे झाला आणि त्याने कुऱ्हाड घातली. त्यानंतर त्या खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. ती सारी शिकलेली माणसे होती. आत मोटरी आणि तारा आहेत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने अठराव्या शतकात आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत असा विचार मांडला, की प्राण्यांविषयी माणसाचे प्रत्यक्ष असे कर्तव्य नाही. पण जो प्राण्याशी क्रूरपणे वागतो तो आपल्यातली माणुसकी बोथट करतो, आणि उद्या माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून प्राण्याशी दयेने वागावे. कुत्र्याच्या बाबतीत हा युक्तिवाद मला नेहमी अपुरा वाटला. कुत्र्याला दुखते, त्याला मारू नये याचे पहिले कारण त्याचे दुखणे हेच आहे, माझी माणुसकी नव्हे. पण यंत्राच्या बाबतीत, जिथे दुखणारे कोणीच नाही, तिथे कांटचा अंगरखा अगदी मापाने शिवल्यासारखा बसतो.

तरीही त्याचा एक धागा उसवतोच. ठकोजीला लाथ मारणारी मुले उद्या माणसांना लाथा मारतील असे म्हणायला माझे मन धजत नाही. ती चांगली मुले आहेत. त्यातल्याच एकाने दुसऱ्या दिवशी आमचे पाण्याचे पिंप भरून दिले. आणि मी? सत्तर वर्षे कारीट चिरडूनही मी कोणाचा गळा कापलेला नाही. परिणामांच्या हिशोबाने पाहू गेले तर सगळेच निर्दोष ठरतात. मग माझ्या नातीला जे दिसले ते काय होते?

याचे उत्तर मला कांटपाशी मिळाले नाही. ते एका जुन्या जैन कथेत सापडले. सोमदेव नावाचा आणखी एक ग्रंथकार होऊन गेला, 'कथासरित्सागरा'च्या सोमदेवाहून शंभरएक वर्षे आधीचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, इ. स. ९५९ मध्ये, त्याने 'यशस्तिलक' हा ग्रंथ पुरा केला. त्यात उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा आहे. राणीचा व्यभिचार पाहून राजाचे मन संसारातून उडते. पण आईला खरे कारण कसे सांगावे, म्हणून तो वाईट स्वप्न पडल्याचे सांगतो. आई म्हणते, शांतीसाठी देवीला बळी दे. राजा अहिंसा मानणारा. तो नकार देतो. शेवटी मायलेकांत तडजोड होते. जिवंत प्राणी मारायचा नाही. पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. तसे होते. पुढे राणी दोघांना विष घालते आणि त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी मायलेक जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भटकतात, मारले जातात, शिजवले जातात.

ही कथा मी तरुणपणी वाचली तेव्हा मला तिचा राग आला होता. पिठाच्या गोळ्यासाठी एवढी शिक्षा! एक राजा भूतदयेपोटी खऱ्या जनावराऐवजी पिठाचे जनावर पुढे करतो, आणि तुम्ही त्याला शाबासकी द्यायची सोडून कुत्र्यामोराच्या जन्माला घालता? आज त्या कथाकाराचे म्हणणे मला निराळे दिसते. तो म्हणतो, पीठ मेले नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तू सुरी उचललीस ती पीठ कापायला नव्हे. पीठ कापायचे असते तर कोंबड्याचा आकार कशाला हवा होता? तुला त्यात कोंबडाच मारायचा होता. म्हणून तर तुरा केलास, पंख केलेस, डोळे केलेस. वस्तू खोटी होती, संकल्प खरा होता.

ह्या कथेची पुढे अनेक भाषांत अनेक रूपे झाली. इ. स. १२०९ मधल्या जन्न ह्या कन्नड कवीच्या काव्यात तर सुरी चालते त्या क्षणी पिठाचा कोंबडा आरवतो, कारण त्यात एक पिशाच्च शिरलेले असते. पिठातून आवाज येतो आणि राजा हादरतो. आमच्या अंगणातही पुठ्ठ्यातून आवाज आला होता. फरक इतकाच, की राजा हादरला आणि आम्ही हसलो.

माझ्या नातीने विचारले होते ते हेच. मुलांना पेटी ढकलायची असती, तर तिथे रिकामी पेटी पडलेली होती; तिला कोणी शिवले नाही. त्यांना 'आई गं' हवे होते. वेदना तिथे नव्हती, पण तिचे सोंग होते, आणि त्या सोंगाची चव आम्ही सगळ्यांनी घेतली. खेळातली वस्तू खोटी असते. खेळणाऱ्याचे मन काही खेळापुरते खोटे होत नाही.

पण असे म्हटले, की कारीट काही सुटत नाही! तो जैन कथाकार माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवील आणि विचारील, तूही फळ नाही चिरडलेस, असुर चिरडलास. मग तुझे काय? आणि एकट्या कारिटाचीच गोष्ट कशाला? मुलांचे निम्मे खेळ मारामारीचे असतात. चोर-शिपाई आहे, लढाई आहे. बुद्धिबळात तर आपण शांतपणे बसून तासन् तास माणसे मारतो. दिवाळीत मातीचा किल्ला करायचा आणि दिवाळी सरली की नाचून तो मोडायचा, यातला आनंद ज्याने भोगला नाही त्याचे बालपण फुकट गेले. हे सारे पाप म्हणायचे असेल, तर खेळच बंद करावा लागेल. आणि ज्याला खेळता येत नाही अशा माणसाच्या हाती नीती सोपवायला मी तयार नाही.

ह्या अडचणीतून मला बाहेर काढले ते मुलांच्याच खेळातल्या दोन शब्दांनी. पहिला शब्द 'राज्य'. लपंडावात, शिवाशिवीत एकावर राज्य येते. तो धावतो, दमतो, बाकीचे त्याला चिडवतात. पण ते फिरते. आज माझ्यावर, आत्ता तुझ्यावर. राज्य फिरते आहे तोवर चिडवणे, पाडणे, 'मारणे' हे सारे खेळातच जमा होते, कारण जो पडला त्याची पाळी येणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्या दिवशी चारजण मिळून एकावरच राज्य ठेवतात, त्या दिवशी नियम तेच राहिले तरी तो खेळ राहत नाही. प्रत्येक शाळेत असा एखादा मुलगा असतो. आमच्याही होता, आणि तेव्हाही मी हसणाऱ्यांत होतो. कारिटाने माझ्यापुढे कधी दीनपणाचे सोंग केले नाही. तिथे चिरडायचे होते ते एका माजलेल्या असुराला, आणि तेही सगळ्या घराने मिळून. ठकोजीवरचे राज्य मात्र कधी फिरणारच नव्हते. त्याला फक्त पडता येत होते.

दुसरा शब्द 'लिंबूटिंबू'. मोठ्या मुलांच्या खेळात एखादे चिमुरडे हट्टाने घुसते. त्याला नियम कळत नाहीत, पळता येत नाही. मुले त्याला हाकलून देत नाहीत आणि बरोबरीचाही मानत नाहीत. 'तू लिंबूटिंबू,' असे म्हणून त्याला खेळात घेतात. त्याने धावावे, शिवावे, आरडाओरडा करावा; त्याच्यावर राज्य येत नाही, आणि त्याला कोणी ढकलायचे नाही. हा कायदा कोणत्या शास्त्रात लिहिलेला नाही. पण गावोगावची पोरे तो पाळतात.

मला वाटते, पुठ्ठ्याचे आणि बादलीचे हे रोबो आपल्या जगातले लिंबूटिंबू आहेत. त्यांना माणसाचे हक्क द्या असे म्हणणारे लोक आता निघाले आहेत. मला ते पटत नाही. ज्याला सुखदुःख नाही त्याला हक्क कसले? पण म्हणून ते नुसते पत्र्याचे डबेही नव्हेत, कारण कोणीतरी त्यांना आपल्या खेळात, आपल्या विश्वासावर आणून सोडलेले असते. न्यूयॉर्कच्या त्या २९ माणसांना आपण पुठ्ठ्याला मदत करतो आहोत हे पक्के ठाऊक होते. त्यांनी त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतले, इतकेच. फिलाडेल्फियाच्या त्या अज्ञात माणसाने ते केले नाही. आणि जे मोडले ती बादली नव्हती, हजारो मैल अनोळखी हातांनी एकमेकांकडे सोपवत आणलेला एक डाव होता.

लिंबूटिंबूला त्याच्या पायरीने वागवायचे असते, हेही विसरून चालत नाही. मोठ्या शहरांच्या पदपथांवर रात्री जिवंत माणसे निजलेली असतात आणि त्यांना ओलांडून आपण जातो. बादलीसाठी गहिवरणाऱ्याला ती माणसे दिसत नसतील, तर त्याच्या गहिवराची किंमत मी शून्य धरीन. शिवाय करुणा फसवली जाऊ शकते. जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ साली 'एलायझा' नावाची संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. ती माणसाचीच वाक्ये उलटवून त्याला प्रश्न विचारी. ती कशी बनली हे जवळून पाहिलेली त्याची स्वतःची चिटणीससुद्धा, तिच्याशी बोलताना त्याला म्हणाली, की जरा खोलीबाहेर जा. माणूस इतका भोळा आहे! उद्या एखादा व्यापारी, डोळे भरून येणारा फोन करील आणि नवा हप्ता भरला नाही तर मी मरेन, असे त्याच्याकडून पोरांना सांगवील. म्हणून पिठात पिशाच्च घालणाऱ्याची जबाबदारी कापणाऱ्याइतकीच मोठी आहे. ज्याला दुखत नाही त्याच्या तोंडी 'आई गं' घालायचे, ते का आणि कोणासाठी, हे करणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे.

सोनीने २००६ साली आपले 'आयबो' हे यांत्रिक कुत्रे बनवणे थांबवले आणि २०१४ साली त्यांची दुरुस्तीही बंद केली. सुट्या भागांसाठी मोडावे लागणाऱ्या कुत्र्यांचे, चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात, २०१५ पासून रीतसर अंत्यविधी झाले. जगात पुष्कळ लोक त्यावर हसले. मी हसलो नाही, कारण माझ्याच घरात लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात. केरसुणीला ते कळते असे माझ्या आईला वाटत नव्हते. वर्षभर जिने आपले घर झाडले तिच्यापुढे एक दिवस वाकावे, एवढेच तिला वाटत होते. कृतज्ञता घेणाऱ्याला कळलीच पाहिजे, असा तिचा नियम नाही.

हा सगळा विचार मला त्या दुपारी सुचला नव्हता. त्या दुपारी मी नातीला एवढेच म्हटले, 'हो. म्हणूनच हसलो. चुकलं.' तिने मान हलवली आणि ती भावाकडे गेली. संध्याकाळी दोघांचा वाद मी ओटीवरून ऐकत होतो. नातू म्हणत होता, 'आवाजच काढून टाकू. मग कोणी पाडणार नाही.' नात म्हणत होती, 'मग पडला तर उचलणार कोण?' वाद मोठा होता. जी हाक ऐकून एकजण वाकतो तीच ऐकून दुसऱ्याचा पाय उठतो. हाक काढून टाकली तर दोघेही जातात. शेवटी त्यांनी आपसांत काहीतरी ठरवले, आणि रात्री उशिरापर्यंत रंगीत ठोकळे इकडचे तिकडे होत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा घर निजलेले होते. पायरीशी काहीतरी कलंडलेले दिसले. पाऊल वाजताच ते जरासे हलले असावे, कारण पडदा उजळला. डोळे मिटलेले नव्हते, उघडेच होते. नातीच्या आवाजात ठकोजी म्हणाला, 'मला उभं करा.'

आसपास कोणी नव्हते. त्या पेटीत काय आहे ते आता मला तार अन् तार ठाऊक होते. त्या सूक्ष्म वजनापर्यंत सारे नातवाने समजावले होते. माझे गुडघे दुखतात. वाकायला मला कष्ट पडतात. क्षणभर मी तसाच उभा राहिलो. मग कठड्याला धरून वाकलो आणि त्याला उभा केला. त्याने डोळे मिचकावले. मला जरा ओशाळल्यासारखे झाले, आणि बरेही वाटले.

यंदा मुले पुन्हा येणार आहेत. कारीट मी फोडणारच. 'गोविंदा' म्हणून ओरडणारही. त्या जैन कथाकाराचे समाधान माझ्याने पुरते होईल असे दिसत नाही. पण अंगठा टेकवताना ह्या खेपेला मी क्षणभर थांबेन आणि आपण नक्की कोणाला चिरडायला निघालो आहोत, हे एकदा बघून घेईन.